पाणी खारे म्हणून मगर ‘खारी’ होत नाही
डिसेंबर आला की गोव्यातल्या कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी दाखवणाऱ्या होड्या भरून जातात आणि दर होडीत कुणीतरी छातीठोकपणे सांगतो, “ही खाऱ्या पाण्यातली मगर बरं का!” तेच पाहुणे पुढच्या वर्षी अंदमानला जातात, वंडूरच्या किनाऱ्यावर मगरीची पाटी बघतात आणि आम्हाला फोन करतात, “अरे, तुमच्याकडचीच की इथे!” नाही हो. दोन्ही वेगळ्या जाती आहेत: आपली दलदलीतली मगर, तिथली खाऱ्या पाण्यातली, म्हणजे खारी मगर.

आपली मगर गोव्यात नव्याने सांगायला नको. मांडवी आणि जुवारी जोडणारा सुमारे १५ किलोमीटरचा कालवा, ओहोटीला चिखलावर ओंडक्यासारखी पडलेली धुडे, पौष अमावास्येला फोंड्याकडच्या खाजनात (खाडीकाठच्या सखल शेतात) चिखलाचे मानगे, म्हणजे मगरी, थापून होणारी पूजा. काहीजण तिला सुसर म्हणतात. सुसर म्हणजे लांब चोचीचा घडियाल अभिप्रेत असेल, तर तो चंबळेकडचा, इथला नव्हे. एवढे पुरे.

खरा घोळ मिठाचा आहे. कालव्याचे पाणी मचूळ, तिथे मगर राहते, म्हणजे ती खाऱ्या पाण्यातली, असा हिशोब लोक मांडतात. पण या कुळातल्या सगळ्याच मगरींच्या जिभेवर जादा मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात. (जिभेवर, डोळ्यांत नाही, त्यामुळे नक्राश्रूंचा इथे काही संबंध नाही.) या ग्रंथींच्या जोरावर आपली दलदलीतली मगर मचूळ पाणी निभावून नेते. शिवाय पावसाळ्यात नद्यांना लोंढे आले की कालव्यातला खारेपणा पार उतरतो. थोडक्यात, ती खारे पाणी सोसते. खारी मगर मात्र समुद्राला रस्ता मानते. प्रवाह धरून ती एका बेटावरून दुसऱ्या बेटावर पोहत जाते. आपली मगर तसे करत नाही.

आता अंदमानचा नकाशा घ्या. उत्तर, मध्य आणि दक्षिण अंदमान यांच्यामधल्या खाड्या इतक्या चिंचोळ्या, की सगळे मिळून एकच लांबलचक बेट वाटावे. लांबी सुमारे २५० किलोमीटर, रुंदी कुठेच ५०-५२ किलोमीटरपलीकडे जात नाही. सर्वांत उंच सॅडल पीक ७३२ मीटर. अशा पट्टीवर मोठी नदी वाढायला जागाच नाही. कुठेही उभे राहा, समुद्र हाकेच्या अंतरावर आणि मध्ये कांदळवनाच्या खाड्या. भारताच्या भूमीशी ही बेटे कधी जोडलेली नव्हती, त्यामुळे चालत येणाऱ्यांना वाट नव्हती. वाघ नाही, बिबट्या नाही. चितळ दिसतात तेही इंग्रजांनी नेऊन सोडलेले. अशा ठिकाणी मगर पोचायची तर समुद्र ओलांडणारीच. म्हणून तिथे खारी मगर आहे आणि आपली नाही.

घरटे बघितले तर शंकेला जागाच उरत नाही. आपली मगर उन्हाळ्यात काठाची माती उकरून खड्ड्यात अंडी घालते आणि पाऊस लागायच्या सुमारास पिल्ले बाहेर येतात. खारी मगर पावसाळ्यात पालापाचोळा आणि चिखल यांचा ढीग रचते. कुजणाऱ्या पाल्याची ऊब अंड्यांना मिळते आणि पाणी चढले तरी ढीग वर राहतो. त्यामुळे ऐन पावसात खड्डा करून अंडी घालणारी ‘खारी मगर’ कुणी सांगू लागला, तर खुशाल हसावे.

डोक्यावरूनही ओळख पटते. आपल्या मगरीच्या डोक्याच्या अगदी मागे चार ठळक खवले ओळीने असतात; खाऱ्या मगरीला ते बहुधा नसतात, आणि डोळ्यांपासून नाकाकडे दोन उंचवटे निघतात. पण होडीतून हे दिसायला दुर्बीण लागते. रंगावरून ओळखायच्या भानगडीत पडू नका. चिखल वाळला की दोघीही राखाडीच. आकाराचे विचाराल तर खारी मगर नर ५ मीटरच्या पलीकडे जातो, आपली सहसा त्याच्या आत.

‘आपली गरीब’ ही आणखी एक भाकडकथा. खारी मगर माणसाला जास्त धोक्याची, हे खरेच. वंडूरची पाटी शोभेसाठी लावलेली नाही. पण तेवढ्यामुळे आपली निरुपद्रवी ठरत नाही, म्हणून कुंभारजुव्यात होडीबाहेर हात सोडून फोटो काढणाऱ्यांना मी वेगळी सूट देत नाही.