मॉन्टे कॅसिनो मठ

इटलीत रोमहून नेपल्सकडे जाताना साधारण १३० किमीवर कॅसिनो गाव लागतं, आणि गावाच्या डोक्यावर ५२० मीटर उंच डोंगरावर हा बेनेडिक्टिन साधूंचा मठ आहे. संत बेनेडिक्टनं तो ५२९ च्या सुमारास स्थापला. पुढे लोम्बार्ड या जर्मानिक टोळ्यांनी उद्ध्वस्त केला, ८८३ मध्ये अरबांनी जाळला, १३४९ मध्ये भूकंपात पडला. आज दिसतं ते मात्र बहुतेक सगळं १९४४ नंतरचं आहे आणि हे आधी माहीत नसेल तर माणूस हमखास फसतो.

दुसऱ्या महायुद्धात १५ फेब्रुवारी १९४४ ला दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी मठावर बॉम्ब टाकले. वर जर्मन बसलेत असा संशय होता, प्रत्यक्षात आत साधू आणि आसऱ्याला आलेले गावकरी होते, आणि मठाचा ढिगारा झाल्यावर मग जर्मन पॅराट्रूपर्स खरंच तिथे येऊन बसले, कारण लपून लढायला असे पडके दगड उलट सोयीचेच. १८ मे ला पोलिश सैन्यानं डोंगर घेतला. जुनी हस्तलिखितं वाचली ती १९४३ मध्येच जर्मन अधिकाऱ्यांनी रोमला हलवली म्हणून.

मठ परत बांधताना ठरलं, जसा होता तसाच आणि होता तिथेच. २४ ऑक्टोबर १९६४ ला पोप पॉल सहावे यांनी चर्चचं पुन्हा विधिपूर्वक अर्पण केलं. आत रंगीत संगमरवराची जडावट आणि सोनेरी मुलामा एवढा की नजर ठरत नाही, पण खरं सांगायचं तर जरा जास्तच कोरं करकरीत वाटतं. सतराव्या शतकातल्या लुका जॉर्दानो या चित्रकाराची चित्रं बॉम्बहल्ल्यात गेली ती गेलीच, दाराच्या आतल्या भिंतीवर आता विसाव्या शतकातल्या पिएत्रो अन्निगोनीचं काम आहे. म्हणून तळघरातलं भुयारी चर्च चुकवू नका, तिथलं मोझाइक १९१३ चं आहे. बेनेडिक्ट आणि त्यांची बहीण स्कोलास्टिका यांची समाधी मुख्य वेदीखाली आहे.

स्टेशनवरून वर जायला बस आहे पण मोजक्याच फेऱ्या, त्यामुळे वेळ आधी बघून ठेवा, आणि खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला. वरून समोरच पोलिश दफनभूमी दिसते, हजारावर कबरी आहेत. खाली गावाजवळ कॉमनवेल्थची, म्हणजे ब्रिटन आणि त्याच्या साम्राज्यातल्या देशांच्या सैनिकांची दफनभूमी, मराठी माणसानं तिथे जायलाच हवं. मे १९४४ मध्ये गारी नदी ओलांडून गेलेल्या आठव्या इंडियन डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटण होती, आणि इटलीत पडलेल्या पण कबर न सापडलेल्या सैनिकांची नावं इथल्या स्मारकावर कोरलीत. त्यात माणगावकडचे यशवंत घाडगे (हुद्दा नाईक) आहेत, १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्य सन्मान मिळाला.