दुखऱ्या गुडघ्यांसाठी हालचालीची मात्रा

गुडघे दुखू लागले की घरातील ज्येष्ठ व्यक्तीची कामे एकेक करून काढून घेतली जातात. भाजी आणायला मुलगा जातो, देवळात जाणे बंद होते, वरच्या मजल्यावरची खाट खाली आणली जाते आणि पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आणून दिला जातो. यामागे माया असते, आणि ‘गुडघ्यातले वंगण संपले आहे, आता जपून वापरायचे’ हा समजही घरातल्या सर्वांना पटलेला असतो. परंतु तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या, म्हणजे जुनाट, सांधेदुखीच्या बाबतीत ही जपणूक बहुतेक वेळा अपाय करते. गेल्या काही दशकांतील संशोधन हे पुरेशा स्पष्टपणे सांगत असूनही ते आपल्या घरांपर्यंत पोहोचलेले नाही, याची खंत वाटते.

गुडघा हा यंत्रातल्या सुट्या भागासारखा वापरागणिक फक्त झिजत जाणारा अवयव नाही. तो जिवंत ऊतींचा बनलेला आहे. हाडांच्या टोकांवर असलेल्या कूर्चेला, म्हणजे गुळगुळीत, लवचिक आवरणाला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिला लागणारे पोषण सांध्यातील द्रवातून मिळते, आणि पाऊल टाकताना कूर्चेवर दाब येतो व पाऊल उचलताना तो सुटतो, तेव्हा या द्रवाची ये-जा चांगली होते. सांध्यावरचा भार पेलण्याचे बरेचसे काम मांडीच्या पुढच्या भागातील स्नायू करतात. हालचाल थांबली की सर्वांत आधी हेच स्नायू कृश होतात आणि मग त्यांच्या वाटचा भार दुखऱ्या सांध्यावर येतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात सरासरी ६७ वर्षे वयाच्या १२ निरोगी व्यक्तींना १० दिवस अंथरुणात ठेवण्यात आले होते. तेवढ्या अवधीत त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायुभार कमी झाला. ज्यांना काहीही दुखत नव्हते त्यांची ही स्थिती झाली, तर वेदनेमुळे महिनोन्महिने खुर्चीत बसून राहणाऱ्या व्यक्तीचे किती नुकसान होत असेल, याचा अंदाज करता येतो.

तरीही दुखत असताना चालावे कसे, हा प्रश्न उरतोच आणि तो रास्त आहे. दुखणे म्हणजे आत काहीतरी बिघडत असल्याची खूण, असे आपण लहानपणापासून मानत आलो आहोत. नव्या दुखापतीच्या बाबतीत ते बव्हंशी खरेही असते. जुनाट वेदनेत मात्र हे नाते सैल झालेले असते. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडलेल्या सिद्धांताने हे दाखवून दिले की शरीराच्या एखाद्या भागातून निघालेला संदेश मेंदूपर्यंत जसाच्या तसा जात नाही; मज्जारज्जूतच तो वाढवला किंवा दाबला जातो. दीर्घकाळ वेदनेचे संदेश वाहत राहिले तर मज्जासंस्था अधिक संवेदनशील बनते आणि एरवी जाणवलाही नसता असा ताण दुखू लागतो. अपुरी झोप, चिंता आणि एकटेपणा यांनी ही संवेदनशीलता वाढते. याउलट, पाठीचे एकही दुखणे नसलेल्या लोकांच्या तपासणीचित्रांचा (एमआरआय व सीटी स्कॅनचा) २०१५ साली एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा ८० वर्षे वयाच्या सुमारे ९६ टक्के लोकांच्या मणक्यांमधील चकत्यांमध्ये झीज आढळून आली. म्हणजे चित्रातली झीज आणि वेदना या गोष्टी बरोबरीने चालतातच असे नाही. वेदना खोटी असते असा याचा अर्थ मुळीच नाही. ती पूर्णपणे खरी असते, परंतु तिच्या तीव्रतेवरून सांध्याचे किती नुकसान होत आहे हे ठरवता येत नाही.

हे ठाऊक नसल्यामुळे भीती घर करते. योहान व्लायेन आणि स्टीव्हन लिंटन यांनी २००० साली या भीतीच्या फेऱ्याचे विवेचन केले. दुखते म्हणून हालचाल टाळली जाते, टाळल्यामुळे ताकद आणि आत्मविश्वास दोन्ही घटतात, आणि पुढच्या वेळी थोडी हालचालही अधिक दुखते, त्यामुळे भीती खरी ठरल्यासारखी वाटते. आपल्या घरांत या फेऱ्याला आणखी एक वळण मिळते. एखाद्या दिवशी बरे वाटले की आजी साचलेली सगळी कामे एका दमात उरकतात, दिवाळीच्या फराळासाठी तास न् तास ओट्यापाशी उभ्या राहतात, आणि त्यानंतरचे तीन-चार दिवस अंथरुणात काढतात. मग ‘पाहा, काम केले की असे होते’ असा निष्कर्ष घरातले सगळेच काढतात. वास्तविक चूक काम करण्यात नसते, एका दिवसात घेतलेल्या मात्रेत असते.

म्हणून हालचालीची मात्रा त्या दिवशीच्या वेदनेवरून न ठरवता वेळेवरून ठरवावी, असे या क्षेत्रातील तज्ज्ञ सांगतात. एखाद्या व्यक्तीला साधारण दिवशी फारसा त्रास न होता दहा मिनिटे चालता येत असेल, तर तिने आठ मिनिटांपासून सुरुवात करावी, बरे वाटणाऱ्या दिवशीही आठच मिनिटे चालावे आणि दुखऱ्या दिवशीही, निदान दोन-तीन टप्प्यांत विभागून का होईना, तेवढेच चालण्याचा प्रयत्न करावा. हे अंगवळणी पडले की दर आठवड्याला एक-दोन मिनिटे वाढवावीत. बऱ्या दिवशी स्वतःला थांबवणे हा यातला सर्वांत अवघड भाग असतो आणि नेमक्या तिथेच घरच्यांची मदत लागते.

व्यायाम करताना किती दुखणे चालेल, याचेही एक व्यवहार्य माप आहे. डेन्मार्कमध्ये २०१३ साली ‘ग्लॅड’ या नावाने गुडघा व खुब्याच्या झिजेसाठी एक उपक्रम सुरू झाला. त्यात रुग्णांना आधी या दुखण्याची माहिती समजावून दिली जाते आणि नंतर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायामाची १२ सत्रे घेतली जातात. तिथे शून्य ते दहा या मोजपट्टीवर दोनपर्यंतची वेदना निर्धोक आणि पाचपर्यंतची स्वीकारार्ह मानली जाते. मात्र वाढलेली वेदना २४ तासांच्या आत पूर्वीच्या पातळीवर यायला हवी. ती आली नाही तर व्यायाम बंद न करता त्याची मात्रा कमी केली जाते. सुरुवातीच्या आठवड्यांत दुखणे थोडे वाढू शकते, हे आधीच सांगून ठेवलेले बरे, कारण ते न सांगितल्यामुळे अनेक जण पहिल्याच आठवड्यात व्यायाम सोडून देतात.

नुसते चालणे पुरत नाही, ताकद वाढवणारे व्यायामही हवेत, हा मुद्दा आपल्याकडे विशेष दुर्लक्षित आहे. घरी करता येण्याजोगा उत्तम व्यायाम म्हणजे भिंतीला टेकवलेल्या, न हलणाऱ्या खुर्चीवरून सावकाश उठणे आणि त्याहून सावकाश बसणे. प्रारंभी हाताचा आधार घ्यावा, बैठक उंच वाटण्यासाठी खुर्चीवर घट्ट उशी ठेवावी आणि उठताना श्वास रोखून धरू नये. वयाची सबब इथे टिकत नाही. १९९० साली बोस्टन येथे झालेल्या एका छोट्या अभ्यासात वृद्धनिवासातील ८६ ते ९६ वर्षे वयाच्या व्यक्तींनी आठ आठवडे वजनांचे व्यायाम केले, आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरीने दुपटीहून अधिक वाढली.

फायद्याची अपेक्षा मात्र वास्तव ठेवायला हवी. व्यायामाने गुडघेदुखी नाहीशी होत नाही, तर ती मध्यम प्रमाणात उतरते. अधिक मोठा लाभ होतो तो स्वावलंबनाचा. अमेरिकेत ७० ते ८९ वर्षे वयाच्या १,६३५ बैठ्या व्यक्तींवर सरासरी २.६ वर्षे चाललेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नुसते आरोग्यशिक्षण मिळालेल्या गटातील ३५.५ टक्के लोकांना ४०० मीटर चालणे अशक्य झाले, तर नियमित व्यायाम करणाऱ्या गटात हे प्रमाण ३०.१ टक्के होते. चारशे मीटर म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाऊन परत येण्याइतके अंतर. ते कोणाच्याही मदतीविना चालता येणे ही सत्तरी ओलांडलेल्या माणसासाठी लहान गोष्ट नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम श्रमांची, तसेच आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व ताकदीच्या व्यायामांची शिफारस केली आहे. हे गाठण्याचे टोक आहे, सुरुवात नव्हे. मोबाइलवर दिसणाऱ्या दहा हजार पावलांच्या आकड्याचे तर दडपण घेऊच नये. तो १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून रूढ झाला आहे.

काही लक्षणे दिसल्यास मात्र व्यायामाआधी डॉक्टरांना दाखवणे आवश्यक आहे. सांधा अचानक सुजून गरम होणे, ताप येणे, पडल्यानंतर पायावर भार देता न येणे, वजन घटत असताना रात्रभर न थांबणारी वेदना असणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे किंवा चालताना छातीत दुखणे ही ती लक्षणे होत. मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असेल तर अनवाणी फिरू नये आणि इन्शुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी फेरीला जाऊ नये. रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे उठताना चक्कर येत असल्यास तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे. वेदनाशामक गोळ्या दुकानातून आणून दीर्घकाळ घेत राहणे या वयात पोट, मूत्रपिंडे आणि हृदय या तिन्हींना घातक ठरू शकते.

सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया सुचवली असेल तर व्यायामाला आता अर्थ नाही, असेही समजू नये. डेन्मार्कमध्येच १०० रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सर्वांनाच १२ आठवडे व्यायाम, आहाराचा सल्ला व माहिती देण्यात आली आणि त्यांपैकी निम्म्यांचा गुडघा त्याआधी बदलण्यात आला. शस्त्रक्रिया झालेल्यांची वेदना अधिक उतरली, पण गंभीर गुंतागुंतीही त्यांच्यातच जास्त झाल्या. आणि शस्त्रक्रियेविना उपचार घेणाऱ्या गटातील जवळजवळ तीन-चतुर्थांश लोकांना वर्षभरात शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली नाही. दोन्ही गटांना व्यायामाचा कार्यक्रम सारखाच होता.