४२९४९६७२९७ या संख्येची पार्श्वभूमी

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव, म्हणजेच २ च्या ३२ व्या घातात १ मिळवून येणारी संख्या, जवळजवळ एक शतक मूळ संख्या असावी असे मानले जात होते. या समजुतीचा उगम १६४० साली पिएर द फर्मा यांनी लिहिलेल्या पत्रांत आहे. २ चा घातांक १, २, ४, ८, १६ असा दर वेळी दुप्पट करत नेला आणि येणाऱ्या घातात १ मिळवला, तर ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या संख्या मिळतात. या पाचही मूळ संख्या असल्याने पुढच्याही तशाच असतील, अशी फर्मांची खात्री होती. मात्र आपल्याकडे सिद्धता नाही, हे त्यांनी प्रामाणिकपणे नमूद केले होते.

क्रिस्टियान गोल्डबाख यांनी १७२९ मध्ये हा प्रश्न लेओनार्ड ऑयलर यांच्यापुढे ठेवला आणि १७३२ मध्ये ऑयलर यांनी दाखवून दिले की या क्रमातल्या सहाव्या संख्येला ६४१ ने निःशेष भाग जातो: ६४१ × ६७००४१७ = ४२९४९६७२९७. हे ६४१ अंधारात चाचपडून हाती लागण्याजोगे नाही. या संख्येच्या कोणत्याही मूळ विभाजकाला ६४ ने भागले असता बाकी १ च उरते, आणि अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ अशा आहेत. म्हणजे पाचव्याच भागाकाराला उत्तर येते. हा निकष ज्या प्रमेयातून निघतो ते खुद्द फर्मांनी त्याच १६४० साली मांडले होते, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासात सर्वांत चटका लावणारी वाटते.

पडताळा तर लांबलचक भागाकार न करताही घेता येतो. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६२५ + १६ सुद्धा. पहिल्या मांडणीवरून, ६४१ ने भागताना ५ × १२८ ची बाकी −१ धरता येते, म्हणून त्याच्या चौथ्या घाताची, म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात याची, बाकी १ येते. दुसऱ्या मांडणीमुळे ६२५ च्या जागी −१६ घालता येतात. मग २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ ठरते आणि त्यात १ मिळवताच शून्य उरते.

पुढची संख्या १८८० मध्ये लँड्री यांनी फोडली, आणि २ चा घातांक ३२ पासून दुप्पट करत गेल्यावर आजवर एकही नवी मूळ संख्या सापडलेली नाही.

या संख्यांना भूमितीतही स्थान मिळाले ते गाउस यांच्यामुळे. फर्मांच्या क्रमातल्या वेगवेगळ्या मूळ संख्यांच्या गुणाकाराइतक्या बाजूंचा सुसम बहुभुज केवळ पट्टी व कंपास वापरून काढता येतो, हे त्यांच्या १८०१ च्या ग्रंथातून पुढे आले. पहिल्या पाचही संख्यांचा गुणाकार ४२९४९६७२९५, म्हणजे आपल्या संख्येपेक्षा नेमका दोनने कमी आहे, त्यामुळे तितक्या बाजूंचा बहुभुज काढणे तत्त्वतः शक्य आहे. ४२९४९६७२९७ बाजूंचा मात्र काढता येत नाही, हे वांट्झेल यांच्या १८३७ च्या सिद्धतेवरून ठरते.