गाठीला सुई लागली म्हणून कर्करोग पसरत नाही, मग पसरतो कसा?

"गाठीला सुई लावली की ती खवळते आणि सगळीकडे पसरते, असं सगळेच म्हणतात." माझ्या ओळखीतल्या एका काकूंनी मला हे सांगितलं, तेव्हा त्यांच्या स्तनात गाठ लागून आणि डॉक्टरांनी बायॉप्सी, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणं, सुचवून दोन महिने उलटले होते. दोन महिने त्या नुसत्या घाबरून थांबल्या होत्या. हा गैरसमज मी इतक्यांदा ऐकला आहे की आता त्याचा राग येतो. या आजारात वेळ फार मोलाचा असतो, आणि नेमका तोच यात वाया जातो.

सुईच्या वाटेवर थोड्या पेशी इकडच्या तिकडे होतात, हे खरं आहे. त्यातल्या बहुतेक मरून जातात. बायॉप्सीमुळे स्तनाचा कर्करोग शरीरभर पसरतो, असं काही आढळलेलं नाही. दूरच्या अवयवात जाऊन वस्ती करायची तर पेशीला आधी स्वभाव बदलावा लागतो. हा बदल घडवणारी एक कळ, म्हणजे दिव्याच्या बटणासारखा स्विच, पेशीतच असते, आणि तिची एक बाजू आरएनए या डीएनएच्या भावंड रेणूच्या जेमतेम बावीस-तेवीस अक्षरांच्या तुकड्याच्या हाती असते. त्या कळीबद्दल मला सांगायचं आहे.

स्तनातल्या दुधाच्या नलिकांना आतून पेशींचं अस्तर असतं. स्तनाचे बहुतेक कर्करोग याच अस्तरात सुरू होतात. तिथल्या पेशी ई-कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाने एकमेकींना घट्ट धरून असतात. प्रयोगशाळेत ऊतीच्या पातळ चकतीवर हे प्रथिन तपकिरी रंगाने उठवतात. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं की प्रत्येक पेशीभोवती तपकिरी कडं दिसतं आणि सगळी कडी मिळून पोळ्यासारखी जाळी होते. ही पकड असेपर्यंत पेशीला शेजारणींना सोडून एकटं निघणं अवघड असतं.

जनुकाची नक्कल संदेशवाहक आरएनएवर उतरते आणि त्यावरून प्रथिन बनतं, हे आपण शाळेत शिकलो. १९९३ साली व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकुन यांच्या गटांनी मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत वेगळंच काही दाखवून दिलं. तिथल्या एका जनुकापासून प्रथिन बनतच नव्हतं. बनत होता आरएनएचा इवलासा तुकडा, आणि तो दुसऱ्या जनुकाच्या संदेशाला चिकटून त्याचं काम बंद पाडत होता. ही त्या कृमीपुरतीच गंमत असावी, असं बरीच वर्षं वाटत राहिलं. २००० साली लेट-७ हा तसाच दुसरा तुकडा सापडला आणि तो माणसासकट कितीतरी प्राण्यांत जसाच्या तसा निघाला. तेव्हा सगळे खडबडून जागे झाले. या तुकड्यांना मायक्रोआरएनए म्हणतात, आणि नावात थोडक्यात 'मिर' लिहून पुढे क्रमांक देतात. अँब्रोस आणि रुवकुन यांना त्यासाठी २०२४ चं नोबेल मिळालं. स्तनाच्या गाठींत मायक्रोआरएनएचं प्रमाण बिघडलेलं असतं, हे २००५ मध्येच समोर आलं होतं: मिर-२१ आणि मिर-१५५ वाढलेले, मिर-१२५बी आणि मिर-१४५ घटलेले.

आता कळ. तिची एक बाजू म्हणजे मिर-२०० हे कुटुंब. यात पाच भावंडं आहेत, काही पहिल्या गुणसूत्रावर आणि काही बाराव्या. यांची लांबलचक मूळ प्रत पेशीकेंद्रात तयार होते आणि केसाच्या पिनेसारखी स्वतःवरच दुमडते. ड्रोशा नावाचं विकर ती पिन कापून सुटी करतं. पिन केंद्राबाहेर आली की डायसर हे दुसरं विकर तिचं वळण उडवतं. उरलेल्या दोन पदरांतला एक आर्गोनॉट या प्रथिनाच्या खोबणीत जाऊन बसतो. आता आर्गोनॉट पेशीतले संदेश चाचपत फिरायला मोकळा.

संदेश ओळखण्यासाठी सगळी अक्षरं जुळावी लागत नाहीत. मुख्य भिस्त दुसऱ्यापासून आठव्या अक्षरापर्यंतच्या सात अक्षरांवर असते, त्यांना बीज म्हणतात. पाच भावंडांतल्या मिर-२००सीचं बीज ए-ए-यू-ए-सी-यू-जी, तर मिर-२००एचं ए-ए-सी-ए-सी-यू-जी. फरक एका अक्षराचा, पण तेवढ्याने संदेशावरच्या जुळणाऱ्या जागा बदलतात. झेब-१ आणि झेब-२ या दोन प्रथिनांच्या संदेशांच्या शेपटाकडे मात्र अशा जागा एकापेक्षा अनेक आहेत, दोन्ही बीजांसाठी. तिथे आर्गोनॉट बसला की संदेशावरून प्रथिन बनणं मंदावतं आणि संदेशही लवकर मोडतो.

हे झेब काय करतात? ई-कॅडहेरिनच्या जनुकावर बसून ते जनुक बंद करतात. म्हणजे मिर-२०० भरपूर असेल तर झेब दबलेले राहतात आणि पेशींची पकड कायम राहते. इथपर्यंत सरळ आहे. खरी मौज पुढे आहे. झेब उलट मिर-२००च्या जनुकांवरही बसतात आणि तीही बंद करतात. दोघे एकमेकांना दाबतात! त्यामुळे ज्याचं पारडं जरासं जड होईल, तो दुसऱ्याला आणखी खाली ढकलतो आणि स्वतः आणखी वर जातो. कळ खटकन एका बाजूला पडते. गाठीच्या आसपासच्या पेशींकडून येणारा टीजीएफ-बीटा हा निरोप झेबच्या बाजूने जोर लावतो. तो बराच काळ येत राहिला, तर मिर-२००च्या जनुकांवर रासायनिक खुणा चढतात आणि कळ तशीच पडून राहते. डीएनएतलं एक अक्षरही न बदलता पेशीचा स्वभाव पालटतो: पकड सुटते, आकार लांबट होतो, ती सरपटू लागते. २००८ मध्ये हे धागे जुळत गेले. त्याबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कागदावर दोन बाण काढून बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसलो होतो.

पण मिर-२०० म्हणजे सज्जन असा निष्कर्ष काढू नका. रक्तातून फुप्फुसात पोचलेल्या पेशीला तिथे गाठ उभी करायची तर पुन्हा एकमेकींना धरून वाढावं लागतं. उंदरांवरच्या २०११ च्या कामात याच मिर-२०० ने अशी वस्ती करायला मदत केल्याचं दिसलं. निघताना अडवतो तोच, रुजताना हातभार लावतो. शिवाय कळ सगळीकडे पूर्ण पडतेच असं नाही. बऱ्याच पेशी अर्धवट बदलून झुंडीने जातात, आणि हा बदल किती अनिवार्य आहे यावर संशोधकांत अजून वाद आहे. लोब्युलर नावाच्या स्तनाच्या कर्करोगाच्या एका प्रकारात तर ई-कॅडहेरिनचं जनुकच बहुधा बिघडलेलं असतं. तिथे तपकिरी कडी दिसत नाहीत आणि पेशी मुंग्यांसारख्या एकीमागे एक रांगेने ऊतीत शिरलेल्या असतात.

इतर मायक्रोआरएनएंच्याही अशाच कथा आहेत. मिर-१०बी हॉक्सडी-१० या प्रथिनाला दाबून पेशीला चालतं करतो, मिर-२१ वाढ आवरणाऱ्या पीटेनला दाबतो.

म्हणूनच 'रक्ताच्या एका थेंबात कर्करोग ओळखा' अशी जाहिरात दिसली की माझ्या कपाळाला आठी पडते. रक्तात मायक्रोआरएनए असतात आणि ते मोजताही येतात. पण नमुना काढताना थोड्या तांबड्या पेशी फुटल्या, तरी त्यांच्यातला मिर-४५१ आणि मिर-१६ बाहेर सांडतो आणि आकडे बदलतात. औषधाचंही तसंच. मिर-३४ची नक्कल मेदाच्या सूक्ष्म थेंबांत भरून वेगवेगळ्या कर्करोगांच्या रुग्णांना देण्याची चाचणी २०१६ मध्ये थांबवावी लागली, कारण काही रुग्णांच्या प्रतिकारशक्तीने घातक प्रतिक्रिया दिली. एक तुकडा शेकडो संदेशांना चिकटू शकतो. तो सगळ्या शरीरात सोडणं ही साधी गोष्ट नाही. आणि जिथे शास्त्रज्ञांचे हात इतके जपून चालतात, तिथे 'पेशी शुद्ध करणारे' काढे विकणाऱ्यांना कोणती कळ कुठे असते हेही ठाऊक नसतं.

काकूंना मी यातलं फार थोडं सांगितलं. कागदावर ते दोन बाण काढले आणि म्हटलं, ही कळ पडायला सुई लागत नाही, आणि ती पडायची असेल तर सुई टाळल्याने थांबत नाही. त्या पुढच्या आठवड्यात गेल्या. पेन्सिलीच्या शिशाएवढ्या जाडीचे ऊतीचे तुकडे निघाले. त्यांच्या चकत्या कापून इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे निरोप झेलणारे ग्राही, पेशीला वाढायला लावणारं हर-२ हे प्रथिन आणि त्या तपकिरी कड्यांची तपासणी झाली, आणि उपचार कोणते द्यायचे ते त्यावरून ठरलं.