९२ पर्सेंटाइल म्हणजे नेमके किती?

अमेरिकेत मुलाला खाजगी शाळेत घालायचं ठरलं की पालकांच्या बोलण्यात दोन प्रवेश परीक्षा हमखास येतात: एसएसएटी आणि आयएसईई. आणि लगेच पुढचा प्रश्न, 'कटऑफ किती?' बहुतेक शाळा असा आकडा सांगत नाहीत. पालकांना ही लपवाछपवी वाटते. काही ठिकाणी ती असेलही. पण हे गुण कसे तयार होतात ते पाहिलं, की असा आकडा ठरवणं मुळातच किती अवघड आहे हे कळतं.

एसएसएटीच्या वरच्या दोन पातळ्यांवर प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय असतात. बरोबर उत्तराला एक गुण, चुकलं तर पाव गुण वजा, सोडलं तर शून्य. पावच का? डोळे मिटून खुणा केल्या तर सरासरी पाचातलं एक उत्तर बरोबर येणार आणि चार चुकणार. एक मिळवला, चार पाव गमावले, हिशेब शून्य. पण एक पर्याय खात्रीनं बाद करता आला, तर अंदाजानं उत्तर देणं किंचित फायद्याचं ठरतं. आयएसईईत चुकीला दंड नाही, त्यामुळे तिथे प्रश्न कोरा सोडणं म्हणजे निव्वळ नुकसान.

हे कच्चे गुण मग ठरावीक मोजपट्टीवर बसवले जातात, म्हणजे एखाद्या तारखेचा पेपर जरा सोपा निघाला तरी फरक पडू नये. एसएसएटीच्या सर्वांत वरच्या पातळीवर शब्दज्ञान, गणित आणि वाचन या तिन्ही विभागांना प्रत्येकी ५०० ते ८०० गुण असतात. आयएसईईची पट्टी ७६० ते ९४० अशी. लेखनाला गुणच नसतात, तो मजकूर जसाच्या तसा शाळांकडे जातो.

पालकांचा जीव मात्र अडकतो पर्सेंटाइलमध्ये. ९२ पर्सेंटाइल म्हणजे ९२ टक्के प्रश्न बरोबर नव्हे. तुलनेच्या गटातली साधारण ९२ टक्के मुलं या मुलाच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. आणि तो गट देशातल्या सगळ्या मुलांचा नसतो. त्याच इयत्तेत असताना गेल्या तीन वर्षांत हीच परीक्षा दिलेल्या मुलांशी ही तुलना होते. खाजगी शाळेत अर्ज करणारी ही मुलं आधीच अभ्यासात पुढे असतात. म्हणून शाळेतल्या सर्वसाधारण चाचणीत कायम वरच्या फळीत असलेलं मूल इथे ५०वर आलं, तर ते घसरलेलं नसतं. भोवतालची गर्दी बदललेली असते.

दुसरी गफलत याहून छुपी आहे. पर्सेंटाइलच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात. गुणांची विभागणी घंटेच्या आकाराची धरली, तर ४० ते ६० हे वीस पायऱ्यांचं अंतर अर्ध्या प्रमाण विचलनाइतकंच (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) भरतं, आणि ८९ ते ९९ या दहाच पायऱ्यांचं अंतर त्याच्या दुपटीहून जास्त. मधल्या पट्ट्यात मुलांची दाटी असल्यामुळे तिथे एक-दोन प्रश्न इकडचे तिकडे झाले तरी पर्सेंटाइल बरंच हलतं. आयएसईईच्या निकालात १ ते ९ असा 'स्टॅनाइन' असतो, तो ही बारीक हालचाल झाकायला बरा. पण त्यालाही कडा आहेतच: ८९ आणि ९५ दोघांनाही ८, आणि ९६ला मात्र ९.

शिवाय तेच मूल पुढच्या आठवड्यात त्याच तोडीचा दुसरा पेपर सोडवायला बसलं, तर तेवढेच गुण मिळतील याची हमी नाही. झोप, घाई, उताऱ्याचा विषय, सगळ्याचा परिणाम होतो. प्रत्येक गुणाभोवती असा अनिश्चिततेचा पट्टा असतो, आणि दोन मुलांचे पट्टे एकमेकांवर चढत असतील तर कोण पुढे हे एका परीक्षेवरून ठरवता येत नाही.

मग ही परीक्षा हवी कशाला? वेगवेगळ्या शाळांतून आलेल्या 'ए' श्रेणी एका तराजूत तोलता येत नाहीत म्हणून. एके ठिकाणचा 'ए' कष्टाचा, दुसरीकडचा सढळ हाताचा. आमच्या वर्गाची गती या मुलाला झेपेल का, एवढ्या प्रश्नाला गुण चांगलं उत्तर देतात, आणि माझ्या मते त्यांचा खरा उपयोग तेवढाच. झेपण्याची शंका मिटली, की शिक्षकांची शिफारसपत्रं, मुलाखत, आधीचे निकाल, त्याच शाळेत शिकत असलेलं भावंड, आर्थिक मदतीची गरज या गोष्टींना वजन येतं.

'आमच्या वर्गात प्रवेश परीक्षेच्या गुणांचा पुढच्या यशाशी फारसा संबंध दिसत नाही,' असं एखादी शाळा म्हणते तेव्हा मात्र सावध राहावं. वर्गात फक्त निवडलेली मुलं आहेत. कमी गुणांची बहुतेक मुलं आत आलीच नाहीत, आणि जी आली ती दुसऱ्या एखाद्या भक्कम जमेच्या बाजूमुळे. निवडीनंतर उरलेल्या या अरुंद पट्ट्यात संबंध फिका दिसणारच. परीक्षा निरुपयोगी आहे हे त्यावरून सिद्ध होत नाही.

पुन्हा परीक्षा देण्याच्या बाबतीतही असाच चकवा आहे. आयएसईई एका प्रवेश वर्षात तीन हंगामांत मिळून तीनदा देता येते. पहिल्या खेपेला अपेक्षेपेक्षा कमी गुण पडलेलीच मुलं बहुधा पुन्हा बसतात. त्यांच्या कमी गुणांत थोडा वाटा दुर्दैवाचा असतो, आणि दुर्दैव सहसा ओळीनं दोनदा येत नाही. त्यामुळे मध्ये काहीच केलं नाही तरी या मुलांची सरासरी थोडी वर सरकते. क्लासच्या जाहिरातीत ही वाढसुद्धा शिकवणीच्या खात्यात जमा झालेली असते.