कडीत कडी: ब्रिटनमध्ये दोन गाड्यांची एक गाडी कशी होते

वेल्सच्या मध्यभागी मखंथ्लेथ नावाचं एक छोटं स्टेशन आहे. समुद्रकाठच्या अ‍ॅबरिस्टविथहून दोन डब्यांची एक गाडी तिथे येऊन थांबते. आणखी उत्तरेच्या किनाऱ्यावरून, पुथ्लेलीहून, दोनच डब्यांची दुसरी गाडी येते. इथून पुढे बर्मिंगहॅमपर्यंत दोघींची वाट एकच, आणि श्रूजबरीपर्यंत तर ती बरीचशी एकेरी रुळाची. अशा मार्गावर दोन गाड्या वेगवेगळ्या पळवण्यापेक्षा त्यांची एकच करणं सोयीचं. म्हणून दुसरी गाडी पहिलीच्या जवळ हळूच सरकते, ‘खट्’ असा आवाज होतो आणि चार डब्यांची गाडी तयार होते. रुळावर कुणी उतरत नाही, कुणाच्या हातात साखळी नसते. डब्यात वाचत बसलेल्या प्रवाशाला जाणवतो तो फक्त एक बारीकसा हिसका.

त्या एका आवाजात तीन कामं उरकलेली असतात. गाड्या एकमेकींना लोखंडाने बांधल्या जातात, ब्रेकसाठी लागणारी दाबाखालची हवा दोघींमध्ये एक होते, आणि विजेच्या तारा जुळतात, म्हणजे पुढच्या चालकाचा प्रत्येक हुकूम शेवटच्या डब्यापर्यंत पोचतो. यातलं पहिलं काम आपोआप करायला माणसाला बराच काळ लागला. तिसरं काम सगळ्यांत अवघड निघालं आणि ते अजूनही सर्वत्र जमलेलं नाही.

सुरुवातीच्या गाड्यांचे डबे नुसत्या साखळीने बांधलेले असत. इंजिन निघालं की साखळी ताणली जाई आणि एकेक डबा धक्का खात पुढे येई. थांबताना तेच उलट. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेचा चिटणीस हेन्री बूथ हा मूळचा धान्याचा व्यापारी. त्याने १८३६ मध्ये यावर उपाय म्हणून स्क्रू कपलिंगचं, म्हणजे स्क्रूने आवळायच्या जोडणीचं, पेटंट घेतलं. दोन आकड्यांमध्ये कडी अडकवायची आणि मधला स्क्रू पिळत डबे इतके जवळ आणायचे की दोन्ही बाजूंचे बफर, म्हणजे डब्यांच्या टोकांचे धक्के झेलणारे दट्टे, एकमेकांवर दाबून बसतील. मोकळी जागाच उरली नाही की धक्काही उरत नाही. हीच पद्धत ब्रिटिशांबरोबर आपल्याकडे आली. जुन्या निळ्या डब्यांच्या टोकाला दोन गोल बफर आणि मधोमध लोंबणारं स्क्रू कपलिंग ज्यांनी पाहिलंय, त्यांनी बूथची कल्पनाच पाहिली आहे.

कल्पना चांगली, पण ती राबवायला माणसाला दोन डब्यांच्या मध्ये शिरावं लागतं. बफर चुकवत वाकून आत जायचं, जड कडी उचलून आकड्यात टाकायची आणि पुन्हा वाकून बाहेर यायचं. यार्डात हे काम रात्री, पावसात, धुक्यात चाले, आणि त्यात माणसं चिरडली जात. अमेरिकेने १८९३ मध्ये कायदा करून आपोआप जुळणारं कपलिंग सक्तीचं केलं. ब्रिटनमध्येही १८९९ मध्ये तसा प्रयत्न झाला, पण रेल्वे कंपन्यांच्या विरोधामुळे तो बारगळला. त्यानंतर शाही आयोग बसला आणि १९०० साली कामगारांच्या सुरक्षेचा कायदा झाला, मात्र स्वयंचलित कपलिंगची सक्ती त्यात आली नाही. अडचण खरी होती. खाणमालकांच्या आणि व्यापाऱ्यांच्या स्वतःच्या लाखो वाघिणी रुळांवर फिरत होत्या. अर्ध्या वाघिणींना नवं कपलिंग आणि अर्ध्यांना जुनं, अशा अवस्थेत सगळी वाहतूकच अडली असती. तरीही ही सबब ऐकताना मला त्या वाकलेल्या पाठीच आधी दिसतात.

प्रवासी डब्यांना मात्र हळूहळू अमेरिकन पद्धतीचं कपलिंग लागलं. एली जॅनी याने १८७३ मध्ये पेटंट घेतलेला हा प्रकार ब्रिटनमध्ये ‘बकआय’ या नावाने ओळखला जातो. दोन्ही हातांची बोटं वाकवा आणि एका हाताची बोटं दुसऱ्या हाताच्या बोटांत अडकवून ओढा, की बकआय समजलं. आदळताच वाकडं बोट मिटतं आणि वरून एक खीळ पडते. १९५१ पासून बनलेल्या ब्रिटिश रेल्वेच्या डब्यांना ते सर्रास असे. अपघातात त्याचा मोठा फायदा दिसला. बफरवाले डबे एकमेकांवर चढून एकात एक घुसत, तर बकआयने धरलेले डबे पुष्कळदा ओळीत आणि उभे राहत. पण त्याने जोडलं जाई ते फक्त लोखंड. हवेच्या नळ्या आणि विजेच्या केबल माणसालाच लावाव्या लागत. दक्षिण इंग्लंडच्या विजेच्या गाड्यांच्या तोंडावर लोंबणारी नियंत्रणाची जाड केबल २७ तारांची होती. त्या भागात रुळांना लागूनच गाड्यांना वीज पुरवणारा ७५० व्होल्टचा तिसरा रूळ असतो, म्हणजे खाली उतरणाऱ्याच्या पायापाशीच मृत्यू. तिथे माणसाला दोन गाड्यांच्या मधून कायमचं बाहेर काढण्याची निकड सर्वांत जास्त होती.

लोखंड, हवा आणि वीज एका झटक्यात जोडणारं कपलर ब्रिटनच्या मुख्य रेल्वेवर रुळलं ते १९७० च्या दशकात. १९७६ मध्ये लंडनच्या उपनगरी सेवेत आलेल्या क्लास ३१३ गाड्यांना (ब्रिटनमध्ये गाडीच्या प्रत्येक प्रकाराला असा वर्गक्रमांक असतो) ‘टाइटलॉक’ जातीचं कपलर होतं. बकआयचंच घट्ट बसणारं भावंड, खाली विजेच्या जोडणीची पेटी लावलेलं. डिझेलवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांसाठी १९८० च्या दशकात जर्मन बनावटीचं बीएसआय कपलर निवडलं गेलं, आणि मखंथ्लेथच्या क्लास १५८ गाड्यांना तेच आहे. नव्या गाड्यांवर बहुतेक वेळा स्वीडिश कंपनीचं डेलनर दिसतं. त्याच्या पोटातली यंत्रणा मात्र शंभर वर्षांहून जुनी आहे आणि या सगळ्या प्रकरणातला सर्वांत देखणा भाग तोच आहे.

कार्ल शार्फेनबर्ग नावाच्या जर्मन अभियंत्याने १९०३ मध्ये तिचं पेटंट घेतलं. कपलरच्या तोंडावर एका बाजूला शंकूसारखा उंचवटा आणि दुसऱ्या बाजूला तसाच खळगा असतो. दोन गाड्या समोरासमोर आल्या की याचा शंकू त्याच्या खळग्यात आणि त्याचा याच्या, त्यामुळे इंच-दोन इंचांचा फरक आपोआप सरळ होतो. आत एक जाड पोलादी चकती फिरते. चकतीच्या एका बाजूला कडी बसवलेली असते आणि बरोबर विरुद्ध बाजूला एक खाच. गाड्या भिडल्या की प्रत्येकीची कडी समोरच्या चकतीला ढकलून थोडी फिरवते, खाचेपाशी पोचताच आत पडते, आणि स्प्रिंग चकतीला परत जागेवर आणते. आपल्या दाराच्या कडी-कोयंड्यात कडी एका बाजूला आणि कोयंडा दुसऱ्या बाजूला असतो. इथे दोन्हींकडे दोन्ही असतात.

आता गंमत बघा. पुढची गाडी ओढू लागली की प्रत्येक चकतीवर दोन कड्यांची ओढ येते: एक स्वतःच्या कडीची आणि एक समोरून खाचेत आलेल्या कडीची. दोन्ही ओढी एकाच दिशेने, सारख्या जोराच्या आणि चकतीच्या मध्यापासून सारख्याच अंतरावर. एक चकतीला डावीकडे फिरवू पाहते, तर दुसरी तितक्याच जोराने उजवीकडे. तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखं वजन टाकलं की दांडी हलत नाही, मग ते वजन किलोचं असो की क्विंटलचं. इथेही ओढ कितीही वाढली तरी चकती फिरत नाही, म्हणजे जोडणी ओढण्याने कधी सुटत नाही. सोडवताना मात्र बाहेरून चकतीला थोडंसं वळवलं की झालं, आणि ते काम हवेवर चालणारा एक छोटा सिलिंडर करतो. शेकडो टनांना धरून ठेवणारी गाठ इतक्या कमी जोराने सुटावी, हे मला फार सुंदर वाटतं. मुंबईच्या लोकलची युनिटं जोडणारं ‘शाकू’ कपलर याच घराण्यातलं आहे. शार्फेनबर्गचा ‘शा’ आणि कपलिंगला जर्मनमध्ये जो शब्द आहे त्याचा ‘कू’.

लोखंड जुळलं की तोंडावरच्या हवेच्या झडपा एकमेकींना दाबून उघडतात. मग खालच्या किंवा बाजूच्या पेटीचं झाकण उघडतं आणि विजेच्या खुंट्या समोरासमोर टेकतात. त्या क्षणापासून दोन गाड्यांचे ब्रेक, मोटारी, दारं आणि घोषणा एका चालकाच्या हाताखाली येतात.

आधी उभ्या असलेल्या गाडीच्या फलाटावर दुसरी गाडी घ्यायची, तर सिग्नलवर दोन पांढरे दिवे तिरके लागतात. वाट दिली आहे, पण पुढे काहीतरी उभं आहे, हा त्यांचा अर्थ. चालक साधारण दोन मीटर अलीकडे पूर्ण थांबतो, कपलरची तोंडं सरळ रेषेत आहेत ना ते बघतो आणि मग पायी चालण्याच्या वेगाने पुढे येतो. वेगाबद्दल एवढी काळजी का, ते साध्या हिशेबाने कळतं. क्लास १५८ ची दोन डब्यांची गाडी सुमारे ७७ टनांची. ताशी तीन किलोमीटरने येऊन भिडली तर तिची गतिज ऊर्जा तीच गाडी साडेतीन सेंटिमीटर उंचीवरून सोडल्याइतकी असते. वेग चौपट, म्हणजे ताशी बारा किलोमीटर केला की ऊर्जा सोळापट होते, म्हणजे जवळपास ५७ सेंटिमीटर उंचीवरून ७७ टन. तीन किलोमीटरचा धक्का कपलरमागचे रबर आणि दांडे पचवतात, बाराचा धक्का फलाटाकडच्या दारापाशी उभ्या असलेल्या आजीबाईंना आडवं पाडेल. भिडल्यानंतर चालक गाडी जरा मागे ओढून बघतो. गाठ खरी बसली असेल तर गाडी जागची हलत नाही.

इतकं सगळं जमल्यावरही दोन गाड्या जुळतीलच असं नाही. मिडलँड मार्गासाठी बनलेल्या क्लास २२२ आणि त्यांच्याच घरातल्या क्लास २२० व २२१ या गाड्या एकाच कारखानदाराच्या आणि दोघींनाही डेलनर कपलर. पण विजेच्या जोडण्या वेगळ्या असल्यामुळे त्या एकत्र धावू शकत नाहीत. लोखंड जुळतं, भाषा जुळत नाही. १९९० च्या दशकात रेल्वेचं खासगीकरण झालं आणि प्रत्येक कंपनी आपापल्या गाड्या स्वतंत्रपणे मागवू लागली, तेव्हापासून अशा जोड्या वाढल्या. त्याआधी ब्रिटिश रेल्वे या एकाच सरकारी संस्थेने छोट्या डिझेल गाड्यांच्या अनेक पिढ्यांना एकच कपलर आणि एकच तारांची मांडणी ठेवली होती, म्हणून आजही वेगवेगळ्या वयाच्या गाड्या बिनतक्रार एकत्र धावतात. मला ही दूरदृष्टी कुठल्याही यंत्राइतकीच मोलाची वाटते.

दक्षिणेतल्या एका कंपनीने तर डिझेलच्या क्लास १७० गाड्यांचं बीएसआय काढून डेलनर बसवलं, म्हणजे अडचणीच्या वेळी आपल्याच विजेच्या गाड्यांना त्या ओढता याव्यात. एवढ्या एका बदलासाठी त्या गाड्यांचा वर्गक्रमांकच बदलला आणि त्या क्लास १७१ झाल्या.

मखंथ्लेथला परतीच्या वाटेवर सगळं उलट होतं. बर्मिंगहॅमहून आलेली चार डब्यांची गाडी थांबते आणि आपण कुठल्या डब्यात आहोत ते पाहून घ्या, अशी घोषणा होते. चालक बटण दाबतो. आधी विजेची जोडणी सुटते, मग हवेच्या झडपा मिटतात, शेवटी लोखंडाची पकड सैल होते. पुढचे दोन डबे निघून जातात. मागचे दोन थोडे थांबून त्यांच्याच रुळावरून डोव्ही जंक्शनपर्यंत जातात, आणि तिथे दलदलीच्या कडेला रुळाला फाटा फुटतो: एक अ‍ॅबरिस्टविथकडे, एक पुथ्लेलीकडे.