मूडलवरच्या कोर्स पानाची मांडणी

मूडल किंवा तसल्याच एखाद्या ऑनलाइन शिकवण्याच्या सिस्टिमवर कोर्स चालवताना व्हिडिओ, नोट्स, क्विझ, असाइनमेंट हे सगळं कुठल्या क्रमाने, कुठल्या नावाने आणि एका वेळी किती दाखवायचं हे ठरवणं म्हणजे कोर्स पानाची मांडणी. बऱ्याच शिक्षकांना हे काम क्लार्कचं वाटतं, पण मुलाला मोबाईलवर या आठवड्यात नक्की काय करायचंय तेच सापडलं नाही तर पुढचं चांगलं शिकवणं त्याच्यापर्यंत पोचतच नाही, म्हणून हा शिकवण्याचाच भाग धरला पाहिजे.

मूडल मार्टिन डुगियामास यांनी ऑस्ट्रेलियात पर्थला बनवलं, १.० व्हर्जन ऑगस्ट २००२ मधे आलं. ओपन सोर्स आहे, लायसन्सचे पैसे पडत नाहीत, त्यामुळे आपल्याकडे आयआयटी मुंबईपासून साध्या कॉलेजांपर्यंत वापरतात.

कोर्स उघडला की आधी फॉरमॅट निवडायचा. वीकली फॉरमॅटमधे तारखांप्रमाणे सेक्शन, म्हणजे पानाचे भाग, आपोआप पडतात, टॉपिक फॉरमॅटमधे (नव्या व्हर्जनमधे याचं नाव ‘कस्टम सेक्शन्स’) आपण पाडू तसे. वीकली दिसायला शिस्तीचा, पण गणपतीच्या सुट्टीचा आठवडा रिकामा दिसत राहतो आणि परीक्षा पुढे ढकलली की पुढचे सगळे आठवडे चुकतात, म्हणून आपल्याकडच्या सेमिस्टरला टॉपिकच जास्त जमतो. मात्र सेक्शनला ‘टॉपिक ३’ एवढंच नाव ठेवून सोडून देऊ नये, ‘३. प्रकाशसंश्लेषण’ असं लिहिलं की परीक्षेच्या आदल्या रात्री शोधणाऱ्याला पटकन सापडतं.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे एकाखाली एक फायली चढवत जाणं. याला मूडलवाले ‘स्क्रोल ऑफ डेथ’ म्हणतात आणि मोबाईलच्या स्क्रीनवर ते खरंच सहन होत नाही. एप्रिल २०२२ च्या ४.० व्हर्जनमधे डावीकडे कोर्स इंडेक्स, म्हणजे सेक्शनची यादी, आली, सेक्शन मिटवता यायला लागले, २०२४ च्या ४.५ मधे सबसेक्शनही आले. पण पसारा नुसता मिटवून ठेवला म्हणजे आवरला असं होत नाही, काय काढून टाकायचं ते शिक्षकालाच ठरवावं लागतं.

सेक्शनच्या आतला क्रम दर वेळी तोच ठेवावा. वर दोन ओळीत या भागात काय शिकायचंय, मग व्हिडिओ, मग वाचन, मग सराव, शेवटी जमा करायचं काम. केंद्र सरकारच्या स्वयम् पोर्टलवरचे कोर्सही व्हिडिओ, वाचन साहित्य, शंकाचर्चा आणि चाचणी अशा चार भागांवरच उभे असतात. व्हिडिओ छोटे बरे, एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या कोर्सेसवर २०१४ मधे झालेल्या अभ्यासात ६ मिनिटांच्या आतले व्हिडिओच मुलं टिकून बघतात असं दिसलं होतं.

यामागचं कारण मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांच्या कॉग्निटिव्ह लोडच्या, म्हणजे शिकताना डोक्यावर पडणाऱ्या भाराच्या, सिद्धांतात मिळतं. एकाच गोष्टीची माहिती दोन ठिकाणी विभागली की डोक्याची बरीच ताकद ती जुळवण्यातच जाते. आपल्याकडे तर प्रश्न पीडीएफमधे, सूचना अनाउन्समेंटमधे आणि शेवटची तारीख व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, मग मुलगा अभ्यास करणार कधी? हे तिन्ही असाइनमेंटच्या त्याच पानावर असलं पाहिजे.

मराठी कोर्सची एक वेगळीच अडचण आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधे टाइप केलेला मजकूर पानावर पेस्ट केला की सगळी अगम्य अक्षरं दिसतात, आणि त्या फॉन्टच्या पीडीएफमधे मराठी शब्द टाकून सर्च केलं तर काही सापडत नाही, अंध विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर, म्हणजे मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर, त्याही त्या पीडीएफ वाचू शकत नाही. मजकूर आधी युनिकोडमधे करून घ्यावा, कंटाळवाणं काम आहे पण करावंच. अक्षरांचा रंगही फिका नको, वेब अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या नियमात साध्या मजकुराला किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, सांगितलाय.

मागचा धडा पूर्ण केल्याशिवाय पुढचा उघडायचा नाही अशी कुलपंही मूडलमधे लावता येतात. प्रयोगाआधीच्या सुरक्षेच्या सूचनांना ती ठीक, पण प्रत्येक फाइलला लावली तर आजारपणामुळे मागे पडलेलं मूल तिथेच अडकून बसतं.

कोर्स खुला करायच्या आधी ‘स्विच रोल’ वापरून विद्यार्थी म्हणून एकदा बघावं, आणि तेही फोनवर. मागच्या वर्षीचा कोर्स कॉपी केला असेल तर प्रत्येक असाइनमेंटची तारीख उघडून तपासावी, नाहीतर पहिल्याच दिवशी मुलांना मुदत संपलेली दिसते.